दुमानी गिटार : घरात जन्मलेल्या वाद्याची कथा

वाद्यांचा इतिहास म्हणून आपण जो वाचतो, तो बहुधा वादकांचा इतिहास असतो. मैफली गाजविणाऱ्यांची नावे ग्रंथांत राहतात. ज्यांनी लाकूड तासले, पडदे बसविले, तारा चढविल्या, त्यांची नावे भुशाबरोबर झाडली जातात. विसाव्या शतकात जगभर पसरलेली विजेची गिटार मात्र या नियमाला काहीशी अपवाद आहे. तिच्या इतिहासातील कित्येक महत्त्वाची पाने कारखान्यांत लिहिली गेलीच नाहीत. ती जेवणाच्या टेबलावर, मोटार ठेवण्याच्या गॅरेजात आणि सुटीच्या दिवशी उघडलेल्या रिकाम्या कार्यशाळेत लिहिली गेली.

आपल्या धर्मग्रामांना गिटार परकी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत आली आणि अनेक ठिकाणच्या गायनवृंदांत पेटी-व्हायोलिनच्या शेजारी गिटारही येऊन बसली. परंतु एकाच देहाला दोन माना असलेली विजेची गिटार आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिली असेल. दोन डोक्यांच्या पौराणिक पक्ष्यासारखे हे वाद्य प्रथमदर्शनी एखाद्या हौशी माणसाचा विक्षेप वाटते. तरीही अमेरिकेत, युरोपात आणि इतरत्र कितीतरी माणसे आपली नोकरी-व्यवसाय सांभाळून, महिनोन् महिने खपून, या वाद्याच्या जुन्या नमुन्याची हुबेहूब प्रतिकृती घरी घडवीत असतात. बाजारात तयार गिटारी असताना ही माणसे एवढा खटाटोप का करतात? त्याचे उत्तर शोधण्यासाठी हे वाद्य मुळात कोणी आणि कशासाठी घडविले, ते पाहिले पाहिजे.

पेटीची गरज संपली

साध्या गिटारीत तारेचे कंपन अतिशय क्षीण असते. ते घोडीवाटे पोकळ पेटीच्या पातळ लाकडी तक्तपोशीला मिळते, ती थरथरते आणि आवाज मोठा होतो. म्हणून अशा गिटारीचा प्राण तिच्या पेटीत. ही पेटी घडविणे कुशल कारागिराचेच काम. तक्तपोशी थोडी जाड राहिली तर वाद्य मुके होते, थोडी पातळ झाली तर तारांच्या ओढीने खचते.

अमेरिकेतील जॉर्ज बीचम या वादकाने १९३१ च्या सुमारास हे गणितच बदलून टाकले. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, अशी रचना पोलादी तारांखाली ठेवली, तर तार थरथरताच वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि तो ध्वनिवर्धकातून मोठा करून ऐकता येतो. यालाच आज ‘पिकअप’ म्हणतात. बीचम यांचे पुष्कळसे प्रयोग घरच्या जेवणाच्या टेबलावर झाले. पहिल्या नमुन्याचा देह हॅरी वॉटसन या कारागिराने हातांनी कोरला. गोल देह आणि लांब मान यांमुळे लोकांनी त्या वाद्याला ‘तळणीचा तवा’ असेच नाव दिले. १९३२ मध्ये ते विक्रीस आले आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

पुढचे पाऊल लेस पॉल या वादकाचे. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका गिटार कारखान्यात सुटीच्या दिवशी जाऊन त्यांनी चार इंच जाडीच्या चौकोनी लाकडी ठोकळ्यावर मान, तारा आणि पिकअप बसविले. वाद्य उत्तम वाजत होते. पण श्रोत्यांना ते गिटारीसारखे दिसेना. तेव्हा त्यांनी एका पोकळ गिटारीचे दोन अर्ध कापून ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना नुसते शोभेसाठी जोडले.

या प्रयोगांतून एक गोष्ट सिद्ध झाली. विजेच्या गिटारीला पोकळ पेटी अनिवार्य नाही. एक भक्कम लाकडी फळी पुरे. पेटीचे नाजूक शास्त्र न शिकलेल्या, पण हात आणि नजर पक्की असलेल्या माणसालाही आता चांगले वाद्य घडविता येणार होते. आणि ज्या फळीवर एक मान बसते, तिच्यावर दोन का बसू नयेत, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहिला.

दोन माना कशासाठी?

गिटारीचे सूर तिच्या तारांची लांबी, जाडी आणि ताण यांवर ठरतात. सहा तारांच्या गिटारीला एक प्रकृती आहे, बारा तारांच्या गिटारीला दुसरी. बारा तारांत सहा जोड्या असतात; सर्वांत बारीक दोन जोड्या एकाच सुरात लावतात, तर उरलेल्या चार जोड्यांत एक तार दुसरीपेक्षा एक सप्तक वर असते. त्यामुळे एकटा वादक वाजवीत असूनही चार-सहा जण एकत्र वाजवीत असल्याचा भास होतो. याच्या उलट सहा तारांवर एकेरी सुरावटी, मींड आणि वेगवान ताना अधिक मोकळ्या वाजतात.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एक वाद्य ठेवून दुसरे उचलता येते. हजारो श्रोत्यांसमोर, गाणे चालू असताना, ते करता येत नाही. दुसरी मान जन्माला आली ती वादकाच्या या अडचणीतून.

बेकर्सफील्डचा तरुण

कॅलिफोर्नियातील पॉल बिग्जबी हे मोटारसायकलींच्या यंत्रभागांचे निष्णात कारागीर. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते गिटारी घडवू लागले आणि १९५२ मध्ये त्यांनी ग्रेडी मार्टिन या वादकासाठी दोन मानांचे विजेचे वाद्य तयार केले. एक मान गिटारीची, दुसरी मँडोलिनची. बिग्जबी यांच्याकडे कारखाना म्हणावा असा व्याप नव्हता. एकेक वाद्य एकेका माणसासाठी, अशी त्यांची रीत होती.

त्यांच्यापेक्षाही विलक्षण कथा सेमी मोझली यांची. १९३५ साली ओक्लाहोमा राज्यात जन्मलेला हा मुलगा पुढे कुटुंबाबरोबर कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे आला. लहान वयातच तो ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या मेळ्यांत गिटार वाजवू लागला आणि भक्तिसंगीताची ही ओढ त्याला जन्मभर पुरली. रिकनबॅकर या गिटार कारखान्यात काम करताना जर्मनीहून आलेले रॉजर रॉसमाइझल यांच्याकडून त्याने लाकूडकोरणीचे धडे घेतले. १९५४ मध्ये, विशीही ओलांडली नसताना, त्याने गॅरेजात चक्क तीन मानांची गिटार घडविली. त्याच वर्षी त्याने जो मॅफिस या लोकप्रिय वादकासाठी दोन मानांची गिटार तयार केली. लॉस एंजेलिस परिसरातील दूरचित्रवाणीवर मॅफिस ती वाजवू लागले आणि हे अजब वाद्य घरोघरी पोहोचले.

मॅफिस यांच्या गिटारीची दुसरी मान आखूड होती आणि तिचे सूर एक सप्तक वर होते. तिच्यामागील तर्क साधा आहे. तारेची लांबी निम्मी केली की सूर बरोबर एक सप्तक चढतो. गिटारीच्या बाराव्या पडद्यावर बोट ठेवले असता हेच घडते. म्हणजे ती आखूड मान ही मोठ्या मानेच्या बाराव्या पडद्यापासून पुढचा भागच जणू वेगळा काढून, बोटे सुखाने फिरतील असा मांडलेला होता.

१९५६ मध्ये रिकनबॅकर सोडल्यावर सेमी आणि त्याचा भाऊ अँडी यांनी स्वतःचा व्यवसाय मांडला. भांडवल नव्हते. रे बोटराइट नावाच्या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांनी त्यांना आर्थिक हात दिला. त्याची आठवण म्हणून मोझली आणि बोटराइट या दोन नावांचा संधी करून वाद्यांना ‘मोझराइट’ हे नाव ठेवण्यात आले. १९६० च्या दशकात ‘द व्हेंचर्स’ या वादकवृंदामुळे मोझराइट गिटारींना मोठे दिवस आले. १९६९ साली कंपनीचे दिवाळे निघाले. मोझली पुनःपुन्हा उभे राहिले, पुनःपुन्हा कोसळले, आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. व्यापारी म्हणून ते यशस्वी झाले, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या वाद्यावर त्यांच्या हाताचे ठसे आहेत, त्याच्या प्रतिकृती आजही माणसे आदराने घडवितात.

कारखाना मागाहून आला

मिशिगन राज्यातील कलामझू येथील गिब्सन कंपनीने दुमानी गिटार आपल्या यादीत घेतली ती १९५८ मध्ये. म्हणजे बिग्जबी यांच्यानंतर सहा आणि मोझली यांच्यानंतर चार वर्षांनी. तिचे दोन प्रमुख प्रकार होते. ‘ईडीएस-१२७५’ मध्ये वरची मान बारा तारांची व खालची सहा तारांची. ‘ईएमएस-१२३५’ मध्ये एक मान नेहमीची, तर दुसरी आखूड, सप्तकभर उंच. मॅफिस यांच्या आखूड मानेशी या दुसऱ्या प्रकाराचे साम्य कोणाच्याही नजरेत भरेल. सुरुवातीच्या या गिटारी आतून पोकळ होत्या, त्यांचा दर्शनी भाग स्प्रूस लाकडाचा व कोरलेला असे, आणि त्या मागणीनुसारच घडविल्या जात. १९६२ च्या सुमारास त्यांची जागा महोगनीच्या भरीव, दोन शिंगांच्या देहाने घेतली. मागणी मात्र बेताचीच होती. १९६० चे दशक संपण्याच्या सुमारास उत्पादन थांबले.

मग अनपेक्षितपणे या वाद्याचे भाग्य उजळले. इंग्लंडच्या ‘लेड झेपेलिन’ या वादकवृंदाने ‘स्टेअरवे टू हेवन’ हे गीत ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यातील गिटारवादक जिमी पेज यांनी त्याच्या निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळ्या गिटारी वापरल्या होत्या. ५ मार्च १९७१ रोजी बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये हे गीत प्रथम श्रोत्यांसमोर सादर झाले. गाणे न थांबविता बारा तारांवरून सहा तारांवर कसे जायचे, या अडचणीवर त्यांना दुमानी गिब्सनचा उपाय सापडला. त्याच सुमारास ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’चे जॉन मॅकलॉक्लिन हेही हीच गिटार वाजवीत होते. पुढे त्यांच्यासाठी रेक्स बोग या कारागिराने १९७३ मध्ये ‘डबल रेनबो’ नावाची स्वतंत्र दुमानी गिटार घडविली. मॅकलॉक्लिन यांनीच नंतर मुंबईचे तबलानवाज झाकिर हुसेन आणि व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्यासह ‘शक्ती’ हा वृंद उभारला. शंकर यांनी १९८० मध्ये केन पार्कर या कारागिराकडून दहा तारांचे दुमानी व्हायोलिन करून घेतले. दोन मानांची कल्पना अशी आपल्या रागसंगीताच्या अंगणापर्यंत आली.

मागणी वाढली तशी १९७० च्या दशकात गिब्सनने ही गिटार पुन्हा काढली. जुन्या नमुन्यांच्या किमती मात्र संग्राहकांनी गगनाला भिडविल्या. २०२४ मध्ये कंपनीने जिमी पेज यांच्या गिटारीची प्रतिकृती स्वतःच काढली. तिचे केवळ ५० नग, आणि प्रत्येकाची किंमत सुमारे ५०,००० डॉलर. ज्या वाद्याचा उगम गॅरेजात झाला, ते सामान्य वादकाच्या हाताबाहेर गेले ते असे. घरी प्रतिकृती घडविणाऱ्याच्या खटाटोपाला या वस्तुस्थितीची पार्श्वभूमी आहे.

घरच्या टेबलावर

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. १९५८ चा पोकळ नमुना घरी करणे फार अवघड. म्हणून बहुतेक जण १९६२ नंतरचा भरीव नमुना निवडतात. प्रथम मूळ वाद्याची मापे, छायाचित्रे, आराखडे यांचा अभ्यास होतो. मग प्लायवूडचा साचा कापतात. त्या साच्यावर पहिल्यांदा आखायच्या त्या दोन मध्यरेषा, प्रत्येक मानेची एक. पुढचे प्रत्येक माप या रेषांवरून घेतले जाते. एकमानी गिटारीत मान किंचित वाकडी बसली तर घोडी सरकवून वेळ मारून नेता येते. दोन मानांत एकीची चूक दुसरीच्या अंगावर येते. म्हणून अनुभवी कारागीर करवत उचलण्यापूर्वी कित्येक संध्याकाळी नुसती पेन्सिल आणि गुण्या घेऊन बसतात.

लाकूड महोगनीचे. ते हलके, सरळ रेषांचे आणि रंध्याखाली शहाण्यासारखे वागणारे. पण मोठ्या पानांची अमेरिकन महोगनी आता दुर्मीळ झाली असून २००३ पासून तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. पडद्यांच्या पट्टीसाठी पूर्वी ब्राझीलची शिसवी वापरीत. १९९२ पासून तिचा व्यापार जवळजवळ बंदच आहे. तिची जागा ज्या लाकडाने घेतली ते आपल्या सह्याद्रीच्या रानांतले शिसव. १९६० च्या दशकाअखेरीपासून जगातील असंख्य गिटारींवर वादकांची बोटे फिरली आहेत ती भारतीय शिसवीवर. २०१७ मध्ये या जातीच्या वृक्षांवरही निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यांतून २०१९ मध्ये सूट मिळाली. जुन्या वाद्याची प्रतिकृती करणाऱ्यास लाकडाबरोबर अरण्याचाही हिशेब ठेवावा लागतो तो असा. म्हणून पुष्कळ जण मोडीत निघालेल्या कपाटांचे, खाटांचे जुने लाकूड शोधतात. ते चांगले मुरलेले असते आणि त्यासाठी नवे झाड पडत नाही.

मान घडविणे हा कामाचा गाभा. गिटारीचे शिर मानेशी सरळ रेषेत नसते, ते सुमारे १७ अंशांनी मागे कललेले असते. त्यामुळे तारा मानेच्या टोकाशी घट्ट दाबून बसतात. सहा तारांची एकत्रित ओढ साधारण ४५ किलोंच्या घरात असते. बारा तारांची त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे दोन्ही मानांवर मिळून शंभर किलोंहून अधिक ओढ रात्रंदिवस असते. तिच्यापुढे नुसते लाकूड वाकेल. म्हणून मानेच्या पोटात खाच करून त्यात एक पोलादी सळई बसवितात. तिचा नट आवळला की मान मागे खेचली जाते. गिब्सनमधील थॅडियस मॅक्ह्यू यांच्या या युक्तीला १९२३ मध्ये पेटंट मिळाले. बाहेरून न दिसणाऱ्या त्या सळईवर वाद्याचे आयुष्य अवलंबून असते.

मग पडद्यांचा हिशेब. यात चारशे वर्षांपूर्वीचा एक विद्वान आपल्या मदतीला येतो. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओ यांचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई हे ल्यूटवादक व संगीतशास्त्रज्ञ होते. १५८१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी पडदे बसविण्यासाठी अठरा आणि सतरा यांचे प्रमाण सांगितले : उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बसवावा. ही रीत कारागिरांनी शतकानुशतके वापरली. तिच्यात एक बारीक उणीव आहे. गिब्सनच्या तारेची लांबी पावणेपंचवीस इंच, म्हणजे ६२८.६५ मिलिमीटर धरली, तर अठराच्या हिशेबाने बारावा पडदा अर्ध्यापासून दोन मिलिमीटरांहून थोडा अधिक अलीकडे पडतो. अठराऐवजी १७.८१७ ने भागले की तो बरोबर मध्यावर, ३१४.३ मिलिमीटरांवर येतो. पहिला पडदा ३५.२८ मिलिमीटरांवर, त्यापुढचा ३३.३० मिलिमीटरांनंतर, असे वीस पडदे. आणि माना दोन, म्हणजे चाळीस खाचा. अर्ध्या मिलिमीटरची चूकही तयार कानाला टोचते. बारीक दात्यांची करवत, पोलादी पट्टी आणि शांत मन एवढीच या कामाची सामग्री.

देह आणि मान यांचा सांधा पक्का बसावा लागतो. जुने कारागीर सरस वापरीत. हल्ली पांढरा लाकडी गोंद चालतो. सांधा सुका असतानाच हाताने दाबून जुळवून पाहायचा. गोंद फट भरून काढील, अशी आशा धरणाऱ्याची मान वर्षभरात हलू लागते.

विजेचा भाग त्यामानाने सोपा, पण चिकाटीचा. जुन्या एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये घरातील विजेची गुणगुण शिरत असे. गिब्सनचे सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्यावर उपाय काढला : दोन वेटोळी शेजारी ठेवायची, त्यांची गुंडाळणी आणि त्यांच्या चुंबकांची दिशा परस्परविरुद्ध करायची. बाहेरची गुणगुण दोन्हींत उलटसुलट येऊन एकमेकींना पुसून टाकते, तारेचा सूर मात्र दोन्हींत जुळून दुणावतो. प्रत्येक वेटोळ्यात केसाहून बारीक तारेचे सुमारे पाच हजार वेढे असतात. दुमानी गिटारीला असे चार पिकअप लागतात; म्हणजे घरी गुंडाळायचे ठरविले तर चाळीस हजार वेढे. त्यांशिवाय दोन कळी : एक पिकअप निवडण्याची, दुसरी मान निवडण्याची. ही दुसरी कळ म्हणजेच या वाद्याचे मर्म. ज्या क्षणी वादक ती फिरवितो, त्या क्षणासाठी हा सारा पसारा असतो.

शेवटी रंग आणि चकाकी. मूळ वाद्यांवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पातळ थर असत. हे द्रव्य अतिशय ज्वालाग्राही. त्याच्या वाफा फुप्फुसांना अपायकारक. शिसवीचा भुसाही कित्येकांना सोसत नाही. म्हणून मोकळी हवा, तोंडावर योग्य मुखवटा आणि जवळपास दिवा-शेगडी नाही, एवढी पथ्ये घरातल्या मुलाबाळांसाठीही पाळलीच पाहिजेत. कोकणपट्टीसारख्या दमट हवेत तर पावसाळ्यात हे काम हाती घेऊच नये; ओलाव्याने लॅकरवर पांढुरका धुरकटपणा येतो. एकेक थर सुकू द्यायचा, काचकागदाने हलकेच घासायचा, पुन्हा थर द्यायचा, असे अनेक आठवडे चालते. तयार वाद्याचे वजन पाच ते सहा किलो भरते. ते खांद्यावर घेतले की वादकांच्या पाठदुखीचे रहस्यही उलगडते!

नक्कल आणि प्रतिकृती

येथे एक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याने कल्पिलेले वाद्य आपण जसेच्या तसे करणे हे योग्य आहे काय? गिटारीच्या व्यापारात या प्रश्नावरून कज्जे झाले आहेत. जपानमधील एका मोठ्या उत्पादकाने गिब्सनच्या शिराचा विशिष्ट आकार आपल्या गिटारींना दिला, म्हणून १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने अमेरिकेत त्याच्याविरुद्ध दावा लावला. पुढे तो आपसांत मिटला. व्यापारासाठी दुसऱ्याची ओळख उचलणे आणि शिकण्यासाठी दुसऱ्याचे काम गिरविणे यांत अंतर आहे. मुलगा कित्ता गिरवितो तेव्हा आपण त्याला चोर म्हणत नाही. तोच मुलगा दुसऱ्याची सही गिरवू लागला तर मात्र कान धरतो. घरी केलेल्या गिटारीच्या शिरावर जुन्या कंपनीचे नाव कोरणे आणि ती अस्सल म्हणून विकणे हे सही गिरविणेच होय. म्हणून या छंदातील प्रामाणिक माणसे शिरावर स्वतःचे नाव घालतात किंवा ती जागा कोरी ठेवतात.

कित्ता गिरविण्याचे मोलही कमी लेखू नये. बाराव्या पडद्याची जागा पुस्तकात वाचून कळते. पण तो कोठे असावा हे करवत टेकविताना जे कळते, ते वेगळे. १९५४ मधल्या त्या तरुणापुढे कोणती अडचण होती, ती त्याने कशी सोडविली, आणि कोठे त्याने नाइलाज म्हणून तडजोड केली, हे प्रतिकृती करणाऱ्याच्या हाताला समजते. त्या अर्थाने प्रतिकृती हे इतिहासाचे लक्षपूर्वक केलेले वाचन आहे.

घरगुती कारागिरीचे सर्वांत हृद्य उदाहरण दुमानी गिटारीचे नसून एकमानी गिटारीचे आहे. लंडनजवळ राहणारा ब्रायन मे हा शाळकरी मुलगा आणि त्याचे वडील हॅरल्ड यांना बाजारातील गिटार परवडत नव्हती. १९६३ मध्ये त्यांनी ती घरीच करायला घेतली आणि सुमारे दोन वर्षांत पुरी केली. मान शेकोटीच्या जुन्या महोगनी चौकटीची, देहात जुन्या टेबलाचे ओक लाकूड, पडद्यांमधल्या खुणा आईच्या शिवणपेटीतील शिंपल्याच्या गुंड्यांच्या, स्प्रिंगा १९२८ सालच्या मोटारसायकलच्या. लाकूडकिड्यांनी पाडलेली छिद्रे त्यांनी काड्यांनी बुजविली. हीच गिटार घेऊन ब्रायन मे पुढे ‘क्वीन’ या वृंदातून जगभर गाजले. त्यांच्या शेजारी उभा राहून गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. त्या गिटारीने नाव आणि पैसा मिळविला ही गोष्ट वेगळी. मुलगा आणि वडील दोन वर्षे एका टेबलाशी बसले, ही तिची पहिली कमाई.

आपल्या मातीतले कारागीर

वाद्य घडविण्याची ही परंपरा आपल्याला नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत फरीदसाहेब शिकलगार यांच्या घराण्याने तंतुवाद्ये घडवायला आरंभ केला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले आणि त्या हातांनी तंबोरे-सतारी घडविल्या. बिग्जबी यांनी मोटारसायकलींचे काम बाजूला ठेवून गिटार हाती घेतली, तीच ही वाट. फक्त शंभर वर्षे आधीची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात नाव कमावलेले व्हॅन शिपली (१९२७–२००८) हे लखनौच्या ख्रिस्ती कुटुंबातले. त्यांनीही स्वतःच्या कल्पनेने आठ तारांची विजेची गिटार सिद्ध केली होती. बाजारात जे मिळते त्यावर कलावंताची भूक भागत नाही, तेव्हा तो सुताराकडे जातो किंवा स्वतःच सुतार होतो.

आज आपल्या घरांत तयार वस्तूंची कमतरता नाही. मुलांना गिटार हवी असेल, तर ती दुसऱ्या दिवशी दारात येते. तार तुटली तर कित्येकदा गिटारच बदलली जाते. अशा काळात एखाद्या घरात जुन्या कपाटाच्या फळीतून दोन मानांचे वाद्य आकार घेत असेल, तर शेजाऱ्यांनी त्याला वेडेपणा म्हणू नये. त्या घरातील मुलाला लाकडाची जात कळेल, भागाकाराचा उपयोग कळेल, सांधा का निसटतो ते कळेल आणि ज्यांनी हे प्रथम केले त्यांच्याविषयी आदर वाटेल. वाद्य पुरे झाल्यावर मागची झाकणी बंद करण्यापूर्वी आतल्या लाकडावर पेन्सिलीने आपले नाव आणि साल लिहिण्याची रीत अनेक कारागीर पाळतात. पन्नास वर्षांनी तार जोडण्यासाठी कोणी ती झाकणी उघडील, तेव्हा त्याला तेथे एका माणसाचे नाव सापडेल. वाद्यांच्या इतिहासात ज्यांची नावे राहत नाहीत, त्यांच्यासाठी एवढी जागा पुरेशी आहे.